घरी जुळविलेला संगणक

एखादे यंत्र विकत घेणे आणि तेच यंत्र सुटे भाग आणून आपल्या हातांनी जुळविणे, या दोन गोष्टींत केवळ पैशाचेच अंतर असते असे नाही. विकत घेतलेल्या यंत्राचा मनुष्य मालक होतो; जुळविलेल्या यंत्राचा तो जाणकारही होतो. घड्याळ, सायकल, रेडिओ या वस्तूंच्या बाबतीत हा अनुभव पुष्कळांना आहे. रेडिओचा संच घरी जुळवून, त्यातून पहिला खरखरता आवाज उमटताच साऱ्या आळीला गोळा करणारे हौशी तरुण एके काळी आपल्याकडे गावोगावी असत. परंतु संगणकासारखे बुद्धीची कामे करणारे यंत्रही सामान्य पगाराच्या मनुष्याने घरच्या टेबलावर जुळवावे, ही कल्पना १९७५ सालापूर्वी कोणी बोलून दाखविली असती तर लोकांनी ती हसण्यावारी नेली असती. हे धाडस प्रथम कोणी केले, ते थोडक्या पैशांत कसे साधले, आणि त्यातून सामान्य माणसाच्या पदरात काय पडले, हा इतिहास फार जुना नाही; पण तो बोधप्रद मात्र खचित आहे.

प्रारंभीच्या काळात संगणक ही व्यक्तीची नव्हे, संस्थेची वस्तू होती. आपल्या देशातही पहिले प्रयत्न संस्थांनीच केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांच्या एका गटाने १९५० नंतरच्या दशकात स्वतःच्या बुद्धीने एक संगणक उभारला. १९६० साली तो पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टीआयएफआरएसी’ असे नामकरण केले. त्यात हजारो निर्वात नलिका होत्या. देशाच्या दृष्टीने तोही घरी जुळविलेलाच संगणक म्हणावयास हरकत नाही. परंतु तो ठेवावयास मोठी दालने लागत आणि चालवावयास माणसांचा ताफा लागे. अमेरिकेत १९६५ साली निघालेला ‘पीडीपी-८’ हा संगणक त्या मानाने लहान व स्वस्त समजला गेला. त्याची किंमत होती १८,००० डॉलर! एवढ्या रकमेत संसार उभा राहील. ती यंत्रात कोण घालणार?

ही परिस्थिती पालटली ती नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीमुळे. इंटेल या कंपनीने एका जपानी गणनयंत्र कंपनीच्या मागणीवरून १९७१ साली ‘४००४’ नावाची चिप तयार केली. पूर्वी ज्या कामासाठी अनेक सुटी मंडले लागत ते काम, म्हणजे संगणकाचा मेंदूच, या एका चिपमध्ये सामावला होता. त्यालाच मायक्रोप्रोसेसर हे नाव रूढ झाले. पुढे १९७२ साली ‘८००८’ आणि १९७४ साली ‘८०८०’ या अधिक समर्थ चिपा निघाल्या. त्या बनविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः कारखान्यांतील नियंत्रणयंत्रे होती. घरगुती संगणक नव्हता. परंतु साधन ज्याच्या हाती पडते तो त्याचा उपयोग आपल्या गरजेप्रमाणे शोधून काढतो, असा जगाचा अनुभव आहे.

अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक उपकरणे घरी जुळविणाऱ्या हौशी लोकांचा वर्ग मोठा होता. त्यांच्यासाठी मासिके निघत. सुट्या भागांचे संच टपालाने घरी येत. त्यांपैकी ‘रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाने जुलै १९७४ च्या अंकात जोनाथन टायटस या संशोधकाचा ‘मार्क-८’ हा संगणक छापला. तो ८००८ या चिपवर आधारलेला होता. मासिकाकडून मिळत असे ती रचनेची पुस्तिका; बाकीचे भाग ज्याने त्याने हुडकून आणावयाचे. साहजिकच तो पुरा करणे हे चिकाटीच्या माणसांचेच काम ठरले. तथापि एक गोष्ट सिद्ध झाली: घरी संगणक होऊ शकतो.

त्याच सुमारास न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क या गावी एड रॉबर्ट्स नावाचे एक गृहस्थ मोठ्या विवंचनेत होते. अमेरिकी हवाई दलात नोकरी केलेल्या या अभियंत्याने १९६९ साली मित्रांच्या साहाय्याने ‘एमआयटीएस’ ही छोटी कंपनी काढली होती. प्रथम तिने खेळातील अग्निबाणांसाठी उपकरणे विकली. नंतर घरी जुळवावयाची गणनयंत्रे विकून तिला बरे दिवस आले. परंतु मोठ्या कंपन्या त्या धंद्यात उतरल्या, तयार गणनयंत्रे सुट्या भागांपेक्षाही स्वस्त मिळू लागली आणि १९७४ साली रॉबर्ट्स यांची कंपनी कर्जात बुडाली. अशा वेळी शहाणा मनुष्य हात आखडता घेतो. रॉबर्ट्स यांनी उलट केले. बँकेकडून आणखी ६५,००० डॉलर घेऊन ८०८० चिपवर चालणारा संगणक सुट्या भागांच्या रूपाने विकण्याचे त्यांनी ठरविले. वर्षभरात आठशे संच खपतील असे त्यांनी बँकेला सांगितले; दोनशे खपले तरी पुरे, अशी त्यांची मनातली अपेक्षा होती.

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाला १९७५ च्या जानेवारी अंकासाठी असाच संगणक हवा होता. रॉबर्ट्स यांनी आपला एकुलता एक नमुना रेल्वेच्या पार्सलने न्यूयॉर्कला रवाना केला. आणि तो वाटेतच हरवला! अंक तर थांबू शकत नव्हता. शेवटी दर्शनी भागावर दिवे व खटके बसविलेला एक पोकळ डबा तयार करण्यात आला आणि मुखपृष्ठावर त्याचेच छायाचित्र झळकले. या संगणकाचे नाव होते ‘ऑल्टेअर ८८००’ आणि सुट्या भागांची किंमत होती ३९७ डॉलर. त्या वेळच्या विनिमयाने ती आपल्या सव्वातीन हजार रुपयांच्या आसपास भरेल. एकटी ८०८० चिप किरकोळीने घ्यावयास गेल्यास ३६० डॉलर पडत. म्हणजे उरलेल्या सदतीस डॉलरमध्ये सारा संगणक! यातील रहस्य असे की, रॉबर्ट्स यांनी चिपा घाऊक खरेदी करून प्रत्येकी ७५ डॉलरना मिळविल्या होत्या. बघता बघता मागण्यांचा पाऊस पडला. दोनशेची आशा धरणाऱ्या कंपनीकडे काही महिन्यांत हजारो मागण्या आल्या. न पाहिलेल्या यंत्रासाठी लोकांनी आगाऊ पैसे पाठविले आणि महिनोन्‌महिने वाट पाहिली.

या पेटीतून घरी काय येत असे, हे पाहण्यासारखे आहे. पडदा नाही, कळफलक नाही, मुद्रक नाही. एक पेटी, काही मंडलपट्ट, चिपा, रोध, धारित्रे, खटके, तारा आणि जोडणीची पुस्तिका. शेकडो ठिकाणी डाख देऊन हे सारे जोडावयाचे. एखादा डाख कच्चा राहिला, किंवा दोन शेजारच्या वाटा चुकून एक झाल्या, की यंत्र मुके. ते सुदैवाने चालू झालेच तर त्याची स्मृती होती अवघ्या २५६ बाइटांची; म्हणजे पोस्टकार्डावरच्या चार-सहा ओळींएवढी. दर्शनी भागावरचे खटके वरखाली करून एकेक आज्ञा भरावयाची आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून वाचावयाचे. वीज गेली की सारे पुसले जाई. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. व्यवहाराच्या दृष्टीने या यंत्राचा उपयोग जवळजवळ शून्य होता. तरीही हजारो लोकांनी ते घेतले, कारण ते त्यांचे स्वतःचे होते. रात्री दोन वाजता चालवावे, उघडून पाहावे, बिघडवावे आणि पुन्हा दुरुस्त करावे. विचारणारे कोणी नव्हते.

हा स्वस्तपणा कशातून आला, याचा विचार केला तर तीन कारणे दिसतात. पहिले, चिपांची उतरती किंमत. दुसरे, मजुरीची बचत. कारखान्यातील कामगाराने करावयाचे काम ग्राहकाने आपल्या रात्री खर्चून केले. तिसरे कारण मात्र दूरगामी ठरले. ऑल्टेअरच्या आत शंभर जोडांची एक सामाईक वाहिनी होती आणि तिच्यात जादा पट्ट बसविण्याची सोय होती. पुढे ती ‘एस-१००’ या नावाने प्रसिद्धीस आली. मूळ कंपनीचे स्मृतीचे पट्ट सदोष निघाले, तेव्हा इतर लहान कारखानदारांनी त्याच वाहिनीत बसणारे अधिक चांगले पट्ट करून विकावयास प्रारंभ केला. पेटी एकाची, स्मृती दुसऱ्याची, जोडउपकरण तिसऱ्याचे, अशी सोय झाली. सुताराने केलेल्या चौकटीत कोणत्याही दुकानातली कडी बसावी, तसेच हे झाले. सामाईक माप ठरले की एकाची मक्तेदारी टिकत नाही आणि गरीब ग्राहकाला निवडीला वाव मिळतो. घरगुती संगणकाच्या पुढील इतिहासाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे ५ मार्च १९७५ च्या पावसाळी रात्री गॉर्डन फ्रेंच यांच्या घरच्या मोटारखान्यात तीसएक हौशी मंडळी जमली. फ्रेड मूर आणि फ्रेंच यांनी बोलाविलेल्या या सभेतून ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ जन्माला आला. येथे कोणी कोणापासून काही लपवीत नसे. कोणाला चिप कोठे स्वस्त मिळाली, कोणाचे मंडल का चालत नाही, याची चर्चा सर्वांसमक्ष होई आणि सुटे भाग हातोहात फिरत. एप्रिल महिन्यातील एका सभेत स्टीव्ह डॉम्पिअर या सभासदाने आपला ऑल्टेअर आणून ठेवला आणि जवळ एक साधा रेडिओ ठेवला. खटके वरखाली करून त्याने बराच वेळ आज्ञा भरल्या. आणि काय आश्चर्य! रेडिओतून बीटल्स या गायकवृंदाच्या एका गीताचे सूर ऐकू येऊ लागले. संगणकाच्या आतील विद्युत्‌स्पंदांमुळे रेडिओत जी खरखर होते, तिलाच त्याने सुरांत बसविले होते. ज्या यंत्राला ना पडदा ना कर्णा, ते अशा रीतीने प्रथम जगाशी बोलले, आणि तेही रेडिओच्या मुखाने. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, हे सांगावयास नकोच.

याच मंडळात स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक हा तरुण अभियंता येत असे. ८०८० चिप त्याच्या आवाक्याबाहेरची होती. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या प्रदर्शनाच्या वेळी ‘एमओएस टेक्नॉलॉजी’ या कंपनीने ‘६५०२’ ही चिप अवघ्या २५ डॉलरना विकावयास काढली, आणि वॉझ्निअ‍ॅकला वाट सापडली. कमीत कमी भागांत जास्तीत जास्त काम करून घेणे ही त्याची हातोटी होती. त्याने कळफलक आणि घरचा दूरचित्रवाणी संच जोडता येईल असा एकपट्टी संगणक तयार केला आणि त्याचे आराखडे मंडळात फुकट वाटले. त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्स याने मात्र तो विकण्याची कल्पना काढली. भांडवल म्हणून जॉब्सने आपली गाडी विकली आणि वॉझ्निअ‍ॅकने आपले आवडते गणनयंत्र विकले. ‘बाइट शॉप’ या दुकानाचे मालक पॉल टेरेल यांनी पन्नास नगांची मागणी नोंदविली. अट एकच, की पट्ट जोडून तयार मिळावेत. १९७६ साली हा ‘अ‍ॅपल-१’ ६६६ डॉलर ६६ सेंट या किमतीला विकला गेला. पेटी, वीजपुरवठा आणि कळफलक ही ज्याची त्याने आणावयाची होती. आजच्या बलाढ्य अ‍ॅपल कंपनीचा उगम असा काटकसरीत आहे.

परंतु या बंधुभावाच्या कथेला दुसरीही बाजू आहे. ऑल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोघा तरुणांनी ‘बेसिक’ ही आज्ञाभाषा तयार केली होती. तिची कागदी पट्टी हौशी मंडळींत नकला होऊन फिरू लागली. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्सने हौशी मंडळींस एक अनावृत पत्र लिहिले. तुमच्यापैकी बहुतेकजण आज्ञावलीची चोरी करता, यंत्राचे पैसे देता पण बुद्धीचे देत नाही, आणि आमच्या श्रमांचा मोबदला ताशी दोन डॉलरही पडत नाही, असा त्याचा आशय होता. मंडळी चिडली. ज्ञान वाटण्याने वाढते असे एकाचे म्हणणे, तर ज्ञान निर्माण करणाऱ्याचेही पोट आहे असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश होता. काहींनी लहानशी ‘टायनी बेसिक’ भाषा लिहून तिची आज्ञावली मासिकातून सर्वांसाठी छापली. टॉम पिटमन या गृहस्थाने आपली टायनी बेसिक अवघ्या पाच डॉलरना विकावयास ठेवली. किंमत इतकी माफक, की चोरी करण्याचे कारणच उरू नये. काटकसर आणि प्रामाणिकपणा यांचे भांडण असलेच पाहिजे असे नाही, हे त्याने कृतीने दाखविले. हा वाद आजही मिटलेला नाही. थोडक्या पैशांत संगणक जुळविणाऱ्या प्रत्येक घरी, आज्ञावली विकत घ्यावी, मुक्त परवान्याची घ्यावी, की चोरीची नक्कल बसवावी, या रूपाने तो पुन्हा उभा राहतो.

१९७७ साली अ‍ॅपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तयार संगणक बाजारात आले आणि डाख देण्याची गरज संपली. हौशी जुळवणीचा काळ सरला असेच कोणासही वाटले असते. परंतु १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या बड्या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक आणला, आणि चक्र पुन्हा फिरले. घाईमुळे त्या कंपनीने बाजारात मिळणारे भागच वापरले होते आणि जादा पट्टांसाठी खाचा ठेवून मंडलांचे आराखडेही छापून दिले होते. केवळ ‘बायॉस’ ही मूलभूत आज्ञावली तेवढी स्वामित्वहक्काने राखलेली होती. कॉम्पॅक कंपनीने मूळ मजकुराची नक्कल न करता तेच काम करणारी आज्ञावली नव्याने लिहिली. १९८४ साली फिनिक्स या कंपनीने तशीच आज्ञावली इतर कारखानदारांना उपलब्ध करून दिली. मग काय, धरणाचे दार उघडावे तसे झाले. आयबीएमच्या जातीचे संगणक कोणीही जुळवू लागला. एस-१०० ने जे लहान प्रमाणावर केले, तेच येथे जगाच्या प्रमाणावर घडले. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप जाहीर केल्यावर पेटी, मुख्य पट्ट आणि वीजपुरवठा यांचाही मेळ बसला.

ही लाट आपल्याकडेही आली. नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीचे निर्बंध सैल केले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, बेंगळुरूचा एस. पी. रोड या बाजारांत सुट्या भागांची दुकाने गजबजली. ‘असेंबल केलेला’ हा शब्द मराठी घरांत रूढ झाला तो येथून. नामांकित कंपनीचा संगणक ज्यांना परवडत नव्हता अशा कित्येक मध्यमवर्गीय घरांत, छोट्या छापखान्यांत आणि शिकवणी वर्गांत पहिला संगणक आला तो असा जुळविलेलाच. कोणी ओळखीचा तरुण पाटी-पेन्सिल घेऊन बसे, भागांची यादी करी, येथे शंभर वाचव, तेथे दोनशे घाल असा हिशेब करी. त्या यादीवर घरातील वडील माणसांची सही होत असे ती मुलांच्या भवितव्यावर विश्वास ठेवून.

आज हे काम तांत्रिक दृष्ट्या पुष्कळच सोपे झाले आहे. डाख द्यावा लागत नाही. प्रोसेसर, मुख्य पट्ट, स्मृती, साठवण, वीजपुरवठा आणि पेटी हे सहा भाग योग्य जागी बसविले की झाले. पण जुन्या हौशी मंडळींचे नियम अद्याप खरेच आहेत. प्रथम काम ठरवावे, मग यंत्र. हिशेब लिहिणाऱ्याला चलच्चित्रे घडविणाऱ्याएवढी शक्ती नको. प्रोसेसर ज्या पट्टावर बसावयाचा त्याची बैठक त्याच जातीची आहे ना, स्मृती त्या पट्टास चालते ना, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. वीजपुरवठ्याच्या भागात मात्र कंजुषी करू नये. तो बिघडला तर सोबत इतरांनाही नेतो. हाताळण्यापूर्वी पेटीच्या धातूस स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. आणि एक खाच पुढील वर्षासाठी मोकळी ठेवावी. कारण गरिबाचा संगणक एकदम होत नाही, तो वाढत जातो.

धोका आता निराळ्या बाजूने आहे. मोबाइल आणि पुष्कळसे नवे लॅपटॉप असे बनतात की त्यांची स्मृती पट्टावर डाखूनच टाकलेली असते. पेटी सहसा उघडत नाही आणि उघडली तरी बदलण्यासारखे फारसे काही नसते. यंत्रे सुबक झाली, पण माणूस पुन्हा केवळ गिऱ्हाईक झाला. ही उणीव शिक्षणाच्या क्षेत्रात प्रथम जाणवली. केंब्रिज येथील एबेन अपटन व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना यंत्राशी झटापट करण्याची सवयच उरलेली नाही. त्यावर उपाय म्हणून २०१२ साली त्यांनी ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा उघडा संगणक ३५ डॉलरना विक्रीस आणला. ऑल्टेअरपासून निघालेली वाट अशी पुन्हा मुलांच्या हातांपर्यंत आली.

एड रॉबर्ट्स यांचे पुढे काय झाले, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. त्यांनी १९७७ साली आपली कंपनी विकली आणि ते जॉर्जिया राज्यात शेती करावयास गेले. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हावयाचे होते. ती इच्छा त्यांनी पंचेचाळिशीच्या सुमारास पुरी केली. १९८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन कॉक्रन या लहानशा गावी त्यांनी रुग्णसेवा केली आणि १ एप्रिल २०१० रोजी ते निवर्तले. अखेरच्या आजारात बिल गेट्स त्यांना भेटून गेले. ज्यांनी त्यांच्या यंत्रावर पहिली पावले टाकली त्यांनी अब्जावधी मिळविले. रॉबर्ट्स गावचे डॉक्टर राहिले. त्यांच्या आयुष्याचे मोल पैशांत करू नये. जे यंत्र संस्थांच्या बंद दालनांत होते ते त्यांनी सुटे करून सामान्य माणसाच्या टेबलावर आणून ठेवले आणि ‘आता तूच जुळव’ असे सांगितले. एखाद्या शाळेच्या कपाटात जुना बंद पडलेला संगणक धूळ खात असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी एकदा मुलांसमोर उघडावा. तो चालू होईलच असे नाही. पण त्या मुलांपैकी एखाद्याच्या मनातील भीती तरी नक्कीच जाईल.